कोळशाचा धूर, पऱ्हाटीचा धूर : हवेतील कार्बनचे मूळ कसे ओळखतात?

मराठीत ‘कोळसा’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी चालतो. लाकूड अर्धवट जळून उरतो तो लाकडी कोळसा आणि खाणीतून निघतो तो दगडी कोळसा. वर्धा नदीच्या काठाने खाली जात राहिले, तर हे दोन्ही कोळसे भेटतात. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर हे प्राचीन विदर्भाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाते. येथील पांढरीच्या टेकाडात १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले आणि इसवी सनापूर्वीपासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले. अशा जुन्या वस्तीच्या थरांत चुलीची राख, जळके दाणे, लाकडी कोळशाचे तुकडे असे काहीबाही नेहमी सापडते. हीच नदी पुढे वणी, घुग्गुस, बल्लारपूरच्या पट्ट्यात पोचते तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना दगडी कोळशाच्या खाणी लागतात.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही कोळसे म्हणजे मुख्यतः कार्बनच. दोन्ही एके काळी वनस्पती होते आणि दोन्ही जाळले की कार्बन डायऑक्साइडच तयार होतो. फरक आहे तो वयाचा. एक हजारो वर्षांचा, तर दुसरा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांचा. हवेत मिसळलेल्या वायूवरून त्याचे हे वय ओळखता येते का? येते. वातावरणात वाढलेला कार्बन डायऑक्साइड माणसाने जाळलेल्या इंधनातूनच आला, या म्हणण्याला असलेल्या भक्कम पुराव्यांपैकी एक या ओळखीवर उभा आहे.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. इंधन जाळून माणूस दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. हा आकडा प्रचंड वाटतो खरा, पण झाडे, माती आणि समुद्र मिळून दरवर्षी याच्या सुमारे वीसपट कार्बनची हवेशी देवाणघेवाण करतात. मग वाढ त्यांच्याकडूनच झाली नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर कार्बनच्या अणूंच्या वजनात सापडते.

तीन वजनांचा कार्बन

निसर्गात कार्बनचे तीन प्रकारचे अणू आढळतात. शंभरातील जवळजवळ ९९ अणू कार्बन-१२ चे असतात. साधारण १ टक्का अणू कार्बन-१३ चे, किंचित जड. या दोघांत कालांतराने काहीही बदल होत नाही. तिसरा कार्बन-१४. तो फारच दुर्मीळ, लाख कोटी अणूंत जेमतेम एखादा, आणि तो किरणोत्सारी आहे. एकाच मूलद्रव्याच्या अशा वेगवेगळ्या वजनांच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. रासायनिक वागणूक जवळपास सारखी, वजन तेवढे वेगळे.

‘जवळपास सारखी’ या शब्दांत सगळी मेख आहे. पान हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते तेव्हा हलक्या कार्बन-१२ ला थोडे झुकते माप मिळते. त्यामुळे वनस्पतीच्या शरीरात कार्बन-१३ चे प्रमाण हवेतल्यापेक्षा कमी राहते. हा फरक हजारात काही भाग इतका बारीक असतो. म्हणून तो एका ठरावीक प्रमाणनमुन्याच्या तुलनेत ‘दर हजारी इतका कमी’ असा सांगतात. हा नमुना मुळात अमेरिकेतील पी डी नावाच्या खडकथरातल्या एका सागरी जीवाश्माचा होता. त्या मापाने आजची हवा उणे साडेआठच्या आसपास आहे. वऱ्हाडातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचे झाड, उणे २७ च्या आसपास. तूर, गहू, कडुनिंब, साग हे सारे याच गटातले.

ज्वारी मात्र निराळी. ज्वारी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बरीच गवते कार्बन वेगळ्या रासायनिक वाटेने बांधतात आणि त्या वाटेवर हलक्या अणूंची इतकी निवड होत नाही. म्हणून कडब्याचे माप उणे १२-१३ च्या जवळ येते. एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंची ज्वारी आणि कपाशी जाळली, तर धूर डोळ्यांना सारखाच दिसेल. मास स्पेक्ट्रोमीटर मात्र दोन शेते अलग करून दाखवेल.

कार्बन-१४ चे काम वेगळे आहे. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वरच्या हवेत न्यूट्रॉन सुटतात, ते नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन-१४ तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने खाली मिसळतो, पानात जातो, पानातून गुरात आणि माणसात. सजीव जिवंत असेपर्यंत हा पुरवठा चालू राहतो. मेल्यावर तो थांबतो आणि आत असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी यावरून जुन्या वस्तूंचे वय काढण्याची रीत बसवली आणि त्यासाठी त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही मोजणी सुरू झाली. नेवाशासारख्या स्थळांच्या अहवालांत ‘टीएफ’ या अक्षरांनी सुरू होणारे जे क्रमांक दिसतात, ते या प्रयोगशाळेचे. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत गेले.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतल्या लाकडी कोळशात मूळच्या कार्बन-१४ पैकी सुमारे तीन-चतुर्थांश अजून शिल्लक असतो. पन्नास हजार वर्षांनी तो सुमारे एक चारशेवा भाग उरतो. त्यापलीकडे मोजणेच अवघड. घुग्गुसच्या दगडी कोळशात तो उरलेलाच नाही. तेथे घड्याळ कधीच बंद पडले आहे.

एका साक्षीदारावर निकाल नाही

आता हवेकडे वळू. अंटार्क्टिकाच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. लॉ डोम या ठिकाणच्या बर्फातील हवा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेने मोजली, तेव्हा दिसले की औद्योगिक काळापूर्वी शेकडो वर्षे कार्बन-१३ चे माप उणे ६.४ च्या आसपास जवळजवळ स्थिर होते. मग ते घसरू लागले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घसरण वेगाने वाढली. आज ते उणे ८.५ च्या जवळ आहे. कार्बन डायऑक्साइड चढतो आणि कार्बन-१३ चे प्रमाण उतरते, अशी ही जोडी आहे. याचा अर्थ एवढाच की हवेत भर पडली ती हलक्या, म्हणजे वनस्पतींच्या शरीरातून गेलेल्या कार्बनची.

यावरून ज्वालामुखी सुटतात. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीखाली दख्खनच्या ज्वालामुखींचाच खडक आहे, त्यामुळे हा प्रश्न येथे विचारला जाणे साहजिक आहे. ज्वालामुखीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे माप सर्वसाधारणपणे उणे ५ च्या जवळपास, म्हणजे आजच्या हवेपेक्षा जड असते. तो मिसळला तर हवेचे माप वर जायला हवे. ते खाली गेले आहे. शिवाय आजचे सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या उत्सर्जनाच्या १ टक्काही वायू सोडत नाहीत. समुद्रही सुटतो, कारण समुद्रातून बाहेर पडणारा वायू मापाने हवेच्या जवळचा असतो, त्याने एवढी घसरण होत नाही. उलट समुद्राच्या पाण्यातलाच कार्बन वाढतो आहे. देणाऱ्याकडे शिल्लक वाढत असेल, तर तो देणारा कसला?

पण कार्बन-१३ एका जागी अडतो. दगडी कोळसा म्हणजे जुनी वनस्पतीच. त्याचे माप उणे २२ ते २६ च्या आसपास. कपाशीचे उणे २७, खनिज तेलाचे उणे २८ च्या जवळ. पेटलेले जंगल, चुलीतल्या पऱ्हाट्या आणि औष्णिक केंद्राचे धुराडे या तिघांची साक्ष कार्बन-१३ पुढे साधारण एकच. ‘वनस्पती’ एवढे तो सांगतो. ‘केव्हाची’ ते नाही.

ते सांगतो कार्बन-१४. आणि गंमत अशी की तोही एकटा अपुराच आहे. ज्वालामुखीचा वायू पृथ्वीच्या पोटातून येतो, म्हणून त्यातही कार्बन-१४ नसतो. नुसत्या कार्बन-१४ वरून दगडी कोळसा आणि ज्वालामुखी यांत फरक करता येणार नाही. म्हणजे पहिला साक्षीदार म्हणतो, हा वनस्पतीचा कार्बन आहे. दुसरा म्हणतो, हा अतिप्राचीन कार्बन आहे. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण करणारी वस्तू पृथ्वीवर एकच : दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू, म्हणजे जीवाश्म इंधने.

ही दुसरी साक्ष प्रथम नोंदवली हान्स स्यूस यांनी. अमेरिकेत काम करणाऱ्या या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की विसाव्या शतकात वाढलेल्या लाकडात एकोणिसाव्या शतकातील लाकडापेक्षा कार्बन-१४ कमी आहे. झाडे ज्या हवेत वाढली, त्या हवेतच कार्बन-१४ नसलेला कार्बन मिसळला होता. १९५० पर्यंत ही घट दोन-अडीच टक्क्यांपर्यंत गेली होती. याला ‘स्यूस परिणाम’ म्हणतात. पुढे कार्बन-१३ च्या घसरणीलाही तेच नाव मिळाले. या घटनेला विदर्भाचा एक धागा आहे. हान्स यांचे आजोबा एडुआर्ट स्यूस हे नामवंत भूवैज्ञानिक. दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाला ‘गोंडवनलँड’ हे नाव त्यांनी दिले, ते मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडलेल्या ‘गोंडवना’ खडकांच्या नावावरून. वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा याच गोंडवना थरांतला. आजोबांनी ज्या थरांच्या नावावरून महाखंडाचे बारसे केले, तसल्या थरांतल्या कोळशाचा धूर नातवाला लाकडात सापडला. वरोऱ्याची खाण आणि तेथवरचा रेल्वेफाटा १८७० च्या दशकातला. स्यूस यांनी मोजलेल्या घटीत त्या खाणीचाही कणभर वाटा असणारच.

एक बाब मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकातील कार्बन-१३ च्या घसरणीत केवळ कोळसा नव्हता, जगभर शेतीसाठी तोडलेल्या आणि जाळलेल्या जंगलांचाही मोठा वाटा होता. तेही माणसाचेच काम, पण ते जीवाश्म इंधन नव्हे. इंधनाचे पारडे निर्विवादपणे जड झाले ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतर.

पतसंस्थेतल्या नोटा

येथे एक हिशेब अनेकांना चकवतो. हवेत आधी २८० भाग होते, माप उणे ६.४. त्यात १४५ भाग इंधनाचे मिसळले, माप उणे २८. साधी सरासरी काढली तर उणे १४ च्या जवळ उत्तर येते. प्रत्यक्षात हवा उणे ८.५ वर आहे. मग वाढलेल्या वायूचा फार थोडा भागच इंधनाचा, असे म्हणायचे का? असा युक्तिवाद खरोखर केला जातो. हवेतले इंधनाचे रेणू मोजके आहेत, तेव्हा माणसाचा दोषही तेवढाच, असे त्यात सांगितले जाते.

गावच्या पतसंस्थेचे उदाहरण घ्या. कोणी रोज हजार रुपयांच्या खुणा केलेल्या नोटा भरतो. पतसंस्थेत दिवसभर इतरांची भरणा-उचल चालते, ती याच्या वीसपट. संध्याकाळी तिजोरीत त्याच्या खुणेच्या नोटा थोड्याच सापडतील. बाकीच्या दुसऱ्या खातेदारांच्या खिशात गेलेल्या असतील आणि त्यांच्या नोटा तिजोरीत आलेल्या असतील. पण तिजोरीची शिल्लक वाढली ती त्याच्या भरण्यानेच, कारण बाकीच्यांची उचल त्यांच्या भरण्यापेक्षा जास्त होती. हवेचेही तसेच. इंधनातून आलेले रेणू समुद्रात आणि झाडांत शिरतात आणि तेथले जुने रेणू हवेत येतात. अदलाबदलीने खूण पुसट होते. शिल्लक पुसट होत नाही. माणूस जेवढा वायू सोडतो, त्याचा निम्म्याहून थोडा कमी भागच हवेत साठतो. उरलेला समुद्र आणि वनस्पती ओढून घेतात. म्हणजे निसर्ग या व्यवहारात घेणारा आहे.

खूण पुसट होणे हा या पद्धतीचा दोष नाही. ती किती पुसट झाली, यावरूनच समुद्र आणि जंगले यांनी किती कार्बन कोणत्या वेगाने घेतला, याचा अंदाज बांधता येतो.

गोव्याचा किल्ला आणि सिंहगड

हे सगळे दूरच्या बर्फात आणि परदेशी प्रयोगशाळांत घडले असे नाही. दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात समुद्रात घुसलेल्या भूशिरावर काबो द रामा हा जुना किल्ला आहे. तेथे १९९३ पासून काचेच्या बाटल्यांत हवा भरून घेतली जाऊ लागली आणि ती मोजणीसाठी थेट ऑस्ट्रेलियात, लॉ डोमचे बर्फ मोजणाऱ्या त्याच सीएसआयआरओ संस्थेत पाठवली जात असे. भारतातील संशोधकांबरोबरचे हे सहकार्य होते. जागा मोठ्या विचाराने निवडलेली. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे मोकळ्या समुद्रावरून येतात तेव्हा बाटलीत समुद्रावरची हवा मिळते. हिवाळ्यात वारा उलटतो आणि देशभरातली चूल, शेत, गाडी, धुराडे यांवरून फिरलेली हवा त्याच भूशिरावर येते. वर्षातून दोनदा निसर्गच नमुना बदलून देतो. २००९ पासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सिंहगडावरही अशी हवा गोळा करायला सुरुवात केली.

सिंहगडाच्या हवेने मात्र याआधीच एक महत्त्वाचा आणि थोडा अडचणीचा निकाल दिला होता. दक्षिण आशियावर हिवाळ्यात तपकिरी धुरकट थर पसरतो. त्यातली काजळी कोणाची, यावर वाद होता. काही गणिते बोट दाखवीत चुलींकडे, तर काही मोजण्या डिझेल आणि कोळशाकडे. स्टॉकहोम विद्यापीठातील ओर्यान गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंहगड आणि मालदीवमधील हनिमाधू येथे हिवाळ्यात हवेतले कण गोळा करून त्यांतला कार्बन-१४ मोजला. या कामात पुण्याच्या संस्थेचाही सहभाग होता. तर्क अगदी साधा. नुकत्याच वाढलेल्या झाडात कार्बन-१४ पुरेपूर, डिझेलमध्ये शून्य. कणांतले प्रमाण निम्मे भरले तर निम्मा कार्बन ताज्या वनस्पतीचा. २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : एकूण कार्बनी कणांचा सुमारे दोन-तृतीयांश भाग वनस्पती जाळून आलेला होता. काळ्या कार्बनच्या दोन उपप्रकारांत हा वाटा अनुक्रमे निम्मा आणि दोन-तृतीयांश होता.

तर मग वऱ्हाडातली चूल दोषी आणि खाण निर्दोष? नाही. येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो. काजळी म्हणजे कण. ते हवेत काही दिवस, फार तर आठवडे राहतात, उष्णता शोषतात आणि आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातात. कार्बन डायऑक्साइड हा वायू. पऱ्हाट्या, तुराट्या जाळून निघालेला कार्बन मागच्याच खरिपात हवेतून आलेला असतो आणि पुढच्या खरिपात बराचसा परत पिकात जातो. जमिनीचा कस आणि झाडोरा टिकून असेल तर त्या खात्यात फारशी शिल्लक साठत नाही. दगडी कोळशातला कार्बन पंचवीस-तीस कोटी वर्षे या व्यवहाराबाहेर होता. तो नव्याने भरला जातो. त्यामुळे सिंहगडावरची काजळी बहुतांश ताजी असणे आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड बहुतांश प्राचीन असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मोजमाप तेच, प्रश्न दोन.

याच तर्काचा एक व्यावहारिक उपयोगही होतो. औष्णिक केंद्रांत दगडी कोळशात शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळण्याचे केंद्र सरकारचे धोरण आहे. अमरावतीजवळ नांदगावपेठेला १,३५० मेगावॉटचे आणि अकोला जिल्ह्यात पारसला ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. अशा कोणत्याही केंद्रात खरोखर किती काडी जळली, हे केवळ नोंदवहीवरून मानण्याची गरज नाही. धुराड्यातल्या वायूचा कार्बन-१४ मोजला की ताज्या आणि प्राचीन कार्बनचे प्रमाण कळते. अशा तपासणीचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरलेले आहे. शेतातली पिकेसुद्धा नमुन्याचे काम करतात, कारण हंगामभर पानात साठलेला कार्बन हा त्या गावच्या हवेचाच असतो. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमधील संशोधकांनी पिकांतला कार्बन-१४ मोजून देशाच्या निरनिराळ्या भागांतील हवेत इंधनाचा वाटा किती, याचा अंदाज काढला आहे. ज्या शेतावरच्या हवेत धुराड्यांचा किंवा गाड्यांचा वायू अधिक, तेथल्या पानात कार्बन-१४ कमी. अशा ठिकाणचे यंदाचे पानही कागदावर शे-दोनशे वर्षांचे ‘जुने’ दिसू शकते, कारण कार्बन-१४ मधील दर १ टक्का घट म्हणजे सुमारे ८० वर्षांचे वय.

घड्याळात पडलेली माती

आणि येथून गोष्ट पुन्हा कौंडण्यपूरच्या टेकाडाकडे वळते. पुरातत्त्वज्ञ ज्या घड्याळाने जुन्या थरांचे वय काढतात, तेच घड्याळ इंधनाच्या धुराने बिघडते आहे.

ते याआधी एकदा उलट दिशेने बिघडले होते. १९५० आणि १९६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यांतून सुटलेल्या न्यूट्रॉननी उत्तर गोलार्धातील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला. ठाण्याजवळच्या एका सागाच्या वार्षिक वलयांची मोजणी अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी केली, तेव्हा ही उसळी स्पष्ट दिसली. १९६४ च्या वलयात कार्बन-१४ नैसर्गिक प्रमाणाच्या दीडपटीहून अधिक होता. १९६३ च्या करारानंतर उघड्यावरच्या चाचण्या बहुतांशी थांबल्या आणि प्रमाण उतरू लागले. प्रथम ते समुद्रात व झाडांत शिरल्यामुळे उतरले, अलीकडे मुख्यतः इंधनातल्या मृत कार्बनच्या पातळपणामुळे. गेल्या काही वर्षांत उत्तर गोलार्धातील हवा बॉम्बपूर्व पातळीवर परत आली आणि आता ती त्याखाली जात आहे.

रेडिओकार्बन पद्धतीत ‘आजपासून इतकी वर्षे पूर्वी’ याचा अर्थ ‘१९५० पासून पूर्वी’ असा धरतात, आणि शून्याची पातळीही औद्योगिक धूर फारसा न मिसळलेल्या १८९० च्या सुमाराच्या लाकडाशी जुळवून घेतलेली आहे. म्हणजे स्यूस परिणाम कळताच शास्त्रज्ञांनी आपला शून्यबिंदू धुराआधीच्या काळात नेऊन ठेवला. जुन्या वस्तूंपुरता तो उपाय पुरेसा आहे. इ. स. पू. काळात जळलेल्या लाकडाने तेव्हाच्या स्वच्छ हवेतला कार्बन घेतलेला आहे, त्याला आजच्या धुराने काही होत नाही. अडचण येणार ती यापुढच्या वस्तूंची. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील हेदर ग्रेव्हन यांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला की इंधनाचे ज्वलन असेच वाढत राहिले, तर २०५० मधील कोऱ्या सुती कापडात कार्बन-१४ चे प्रमाण हजार वर्षांपूर्वीच्या कापडाइतकेच असेल; शतकाच्या अखेरीस ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूसारखे दिसेल. उत्सर्जन लवकर आणि झपाट्याने घटवले तर हा घोळ बराच कमी राहील, असेही त्याच अभ्यासात आहे.

कौंडण्यपुराहून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. २०५० च्या वारीत वऱ्हाडच्या कापसाचा एखादा पटका टेकाडाच्या मातीत पडला आणि काही शतकांनी कोणाच्या हाती लागला, तर केवळ कार्बन-१४ वरून तो यादवपूर्व काळातला ठरू शकेल. बनावट प्राचीन वस्तू ओळखण्यासाठी, जप्त केलेल्या हस्तिदंताचे वय ठरवण्यासाठी हीच पद्धत वापरली जाते. तेथेही हाच पेच उभा राहील.

यावर सुचवलेला एक उतारा पुन्हा कार्बन-१३ मधूनच आला आहे. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतील पेटर क्योलर यांनी २०१६ मध्ये दाखवले की भविष्यातली वस्तू कार्बन-१४ च्या मापाने जुनी भासली, तरी तिचा कार्बन-१३ तिला उघडी पाडू शकतो. हजार वर्षांपूर्वीच्या कपाशीने उणे ६.४ ची हवा घेतली होती. आजची कपाशी उणे ८.५ ची घेते आणि पुढची याहून हलकी घेईल. हा दोन-अडीच भागांचा फरक सुतात उतरतोच. पण कोरडवाहू आणि ओलिताच्या कपाशीत, कोरड्या आणि ओल्या सालातल्या पिकांतही एवढा फरक एरवी पडू शकतो, त्यामुळे एका पटक्यावरून निकाल देणे कठीण जाईल. पावसापाण्याने ज्वारीचे माप कपाशीइतके हलत नाही; पटक्याशेजारी चार जळके ज्वारीचे दाणे सापडले, तर काम बरेच सोपे होईल.